कडू चीक, गोड साठा: चिकोरीवरचं संशोधन काय सांगतं

काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यावर चिमूटभर फिल्टर कॉफीची पावडर हलकेच भुरभुरवा. ढवळू नका. पावडर निव्वळ कॉफीची असेल तर ती काही वेळ पाण्यावर तरंगत राहते, कारण भाजलेल्या कॉफीच्या कणांत तेल असतं. चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचं भाजून दळलेलं मूळ, मिसळलेली असेल तर काही कण लगेच बुडायला लागतात आणि खाली जाताना मागे तपकिरी रेघ सोडतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच ही चाचणी घरी करून बघायला सुचवली आहे. ती तपकिरी रेघ म्हणजे जळून करपलेल्या साखरेचा रंग. पण ती साखर मुळात आली कुठून? इथूनच चिकोरीचं खरं विज्ञान सुरू होतं.

मुंबईत माटुंग्याला किंवा पुण्यात कॉफी दळून देणाऱ्या दुकानात गेलं की विचारतातच, चिकोरी किती टाकू? कोणी ऐंशी-वीस सांगतं, कोणी सत्तर-तीस. आपल्या कायद्यानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. प्रमाण सांगून विकली तर ती भेसळ नाही. न सांगता विकली तर ती फसवणूक आहे. या वादापलीकडे मात्र चिकोरी हे स्वतंत्र पीक आहे, आणि गेल्या काही दशकांत त्यावर जगभर फार रंजक काम झालं आहे.

सिकोरियम इंटिबस हे तिचं शास्त्रीय नाव. करडई, सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातली ही वनस्पती. हिंदी-उर्दूत तिला कासनी म्हणतात, आणि युनानी औषधांत तिचं बी आणि मूळ दोन्ही वापरतात. फुलं निळी, सकाळी उमलणारी आणि ऊन चढलं की मिटणारी. उत्तर भारतात बरसीमच्या शेतात ती तण म्हणून आपोआप उगवते आणि शेतकऱ्याला नकोशी होते. पीक म्हणून ती गुजरातेत जामनगर भागात आणि उत्तर प्रदेशात एटा परिसरात लावतात. रब्बीचं पीक: ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. काढायचं असतं ते मूळ. गाजरासारखं खोल जाणारं, बाहेरून मातकट, आतून पांढरट सोटमूळ.

हे मूळ ताजं असताना आडवं कापलं की कापलेल्या जागी पांढरा चीक जमा होतो. जीभ लावली तर कडूजहर. पण त्याच मुळाच्या गरात साखरेच्या जातीचा भरपूर साठा असतो. चिकोरीवरचं जवळजवळ सगळं संशोधन या दोन गोष्टींभोवती फिरतं. साठा हवा असणाऱ्याला चीक नको असतो, आणि चिकातलं औषध शोधणाऱ्याला साठ्याशी देणंघेणं नसतं. झाडाने मात्र दोन्ही एकाच मुळात बांधून ठेवलंय.

आधी साठा बघू. बटाटा आपलं अन्न स्टार्चच्या रूपात साठवतो. चिकोरी स्टार्चऐवजी इन्युलिन नावाचा पदार्थ साठवते. जर्मन शास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन रोझ यांनी १८०४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला, तोही याच कुळातल्या दुसऱ्या एका वनस्पतीच्या मुळातून. चिकोरीच्या ताज्या मुळाच्या वजनात साधारण १५ ते २० टक्के इन्युलिन असतं. इन्युलिनचा रेणू म्हणजे मण्यांची माळ समजा: टोकाला ग्लुकोजचा एक मणी आणि पुढे ओळीने फ्रुक्टोजचे मणी, कधी दोन-तीन, कधी पन्नास-साठ.

झाड ही माळ तीन एन्झाइमांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने सांभाळतं. पहिलं माळ सुरू करतं, दुसरं ती वाढवतं आणि तिसरं तोडतं. तिसऱ्याची गंमत अशी की ते थंडीत जागं होतं. बेल्जियम-नेदरलँड्सच्या शेतांत चिकोरी एप्रिलच्या सुमारास पेरतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान काढतात. शरद ऋतू सरत आला, रात्री गारठू लागल्या की माळा तुटायला लागतात आणि मुळातली सुटी साखर वाढते. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तोडणारं एन्झाइम आणि थंडीने चालू होणारं त्याचं जनुक बारकाईने तपासलं. झाडाच्या बाजूने पाहिलं तर यात चुकीचं काहीच नाही. सुट्या साखरेमुळे मूळ गारठ्यात तग धरतं आणि वसंतात नवी पालवी फोडायला तयार अन्न मिळतं. कारखान्याला मात्र लांब माळा हव्या असतात. त्यामुळे पंधरा दिवस उशिरा काढलेल्या मुळाचं मोल वेगळं ठरू शकतं.

कारखाना हा शब्द इथे शब्दशः घ्या. बेल्जियममधल्या ओरे या गावी इन्युलिन जिथे बनतं, तिथे पूर्वी बीटापासून साखर बनायची. प्रक्रियाही जवळजवळ तीच. मुळांच्या पातळ पट्ट्या करायच्या, गरम पाण्यात त्यांचा रस उतरवायचा, चुना आणि कार्बन डायऑक्साइडने तो निवळायचा, आटवायचा आणि भुकटी करायची. आपल्याकडच्या साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला यातल्या बऱ्याच पायऱ्या ओळखीच्या वाटतील.

एवढा खटाटोप कशासाठी? तर या माळेतले मणी ज्या पद्धतीने जोडलेले असतात, तो जोड तोडणारं एन्झाइम माणसाच्या पचनसंस्थेत नाही. त्यामुळे इन्युलिन लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू, विशेषतः बायफिडोबॅक्टेरिया, त्यावर जगतात आणि अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. आपल्याला न पचणारं पण आपल्या उपयोगाच्या जिवाणूंना पोसणारं अन्न या अर्थाने ‘प्रीबायोटिक’ ही संकल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. चिकोरीचं इन्युलिन हे तिचं सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण.

२०१५ मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने सगळे पुरावे तपासून मान्य केलं की रोज १२ ग्रॅम नैसर्गिक चिकोरी इन्युलिन घेतलं तर शौचाला होण्याची वारंवारता वाढते आणि पोट नियमित साफ राहायला मदत होते. दावा छोटा आहे, पण भक्कम आहे. मला असे दावे आवडतात, कारण त्यात किती, कोणतं आणि कशासाठी हे तिन्ही सांगितलेलं असतं. अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या एका चाचणीत नऊ ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिन-प्रकारचे तंतू दिले, तेव्हा त्यांच्या शरीरात कॅल्शियम जास्त शोषलं गेलं आणि हाडांतली खनिजंही जास्त भरली. या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढत्या वयातल्या मुलांसाठी ही लहान बाब नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जिवाणू इन्युलिन आंबवतात तेव्हा वायू तयार होतोच. एकदम जास्त घेतलं तर पोट फुगतं, गुडगुडतं. कांदा, लसूण आणि गव्हातही याच जातीचे तंतू असतात, म्हणून कांदा-लसणाने ज्यांना नेहमी त्रास होतो किंवा ज्यांना आयबीएसचं (आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या तक्रारींचं) निदान झालंय, त्यांनी चिकोरीच्या तंतूंबाबत सावध असावं. हल्ली बिस्किटं, प्रोटीन बार, ‘शुगर फ्री’ पदार्थ यांच्या वेष्टनावर ‘इन्युलिन’, ‘चिकोरी रूट फायबर’, ‘ओलिगोफ्रुक्टोज’ किंवा ‘एफओएस’ असं लिहिलेलं दिसतं. हे सगळं याच गोतावळ्यातलं. खाल्ल्यावर विनाकारण पोट फुगत असेल तर घटकांची यादी एकदा वाचून पाहा.

आणि फिल्टर कॉफीतून हे १२ ग्रॅम मिळतील अशी आशा ठेवू नका. भट्टीत मूळ भाजताना माळा तुटतात, फ्रुक्टोज करपतं आणि तिथूनच तो गडद रंग, तो कडवट-गोड वास येतो. भाजलेल्या कॉफीतला साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग पाण्यात उतरतो, भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून जास्त. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा उतरवलेला अर्क, दाट आणि काळंभोर होतं ते यामुळे. कॅफीन चिकोरीत अजिबात नसतं. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश व्यापारावर बंदी घातली आणि युरोपात कॉफी दुर्मीळ झाली, तेव्हा चिकोरीला मोठा उठाव आला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये अजूनही ती कॉफीत आवडीने घालतात.

भाजण्याला एक काळी बाजू आहे. मुळात साखर आणि अ‍ॅस्परजिन नावाचं अमिनो आम्ल दोन्ही असतात, आणि दोन्ही एकत्र तापली की अ‍ॅक्रिलमाइड तयार होतं. प्राण्यांमध्ये ते कर्करोगकारक ठरलं आहे. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमांत उत्पादकांसाठी संदर्भपातळ्या ठरवल्या, त्यात भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम आणि निव्वळ चिकोरीच्या पेयपावडरीसाठी ४००० मायक्रोग्रॅम असे आकडे आहेत. दहापट फरक आहे तो. कपात पावडर थोडी जाते, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण मुळातच कमी अ‍ॅस्परजिन असलेलं वाण आणि भाजण्याचं तापमान हे संशोधनाचे विषय का आहेत, ते यावरून कळावं.

आता चिकाकडे वळू. त्यातला कडूपणा लॅक्टुसिन, लॅक्टुकोपिक्रिन वगैरे रेणूंमुळे येतो. या गटाला सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. नाव अवघड असलं तरी हा गट आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं गाजरगवत हात लावताच अंगावर खाज आणि पुरळ उठवतं, ते त्यातल्या पार्थेनिन या सेस्क्विटर्पीन लॅक्टोनमुळे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या कोष्ठामध्ये कॉस्टुनोलाइड असतं, तेही याच गटातलं. यातले बरेच रेणू प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटाला जाऊन चिकटतात आणि त्या प्रथिनाचं काम बिघडवतात. कीटकाला, बुरशीला आणि कधी माणसाच्या त्वचेलाही त्रास होतो तो यातूनच. म्हणून ज्यांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी चिकोरीचा अर्क किंवा काढा घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

झाडाला हा चीक किती उपयोगी पडतो, याचा एक सुंदर पुरावा चिकोरीच्या नात्यातल्या डँडेलियनमधून मिळाला. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्याच्या मुळातल्या चिकातलं एक सेस्क्विटर्पीन लॅक्टोन हुमणीच्या जातीच्या अळीला दूर ठेवतं. तो घटक कमी केला की अळी मुळं जास्त खाते. उसाच्या हुमणीने हैराण झालेल्या शेतकऱ्याला हा प्रयोग समजावून सांगायची गरज पडणार नाही.

माणसाने या कडूपणाशी बरेच वर्षं झटापट केली आहे. बेल्जियममध्ये चिकोरीची मुळं शरदात उपटून, थंडीत ठेवून, मग पूर्ण अंधारात पुन्हा फुटवा आणतात. उजेड नसल्याने पानं हिरवी होत नाहीत आणि कडूपणा कमी राहतो. घट्ट मिटलेला, पांढरट-पिवळा तो कोंब तिथली महागडी भाजी आहे. अंधारात अन्न बनवता येत नसताना तो वाढतो कशावर? मुळातल्या इन्युलिनवर, जे ते माळ तोडणारं एन्झाइम सुटं करून देतं. इटलीतल्या त्रेव्हिजो, किओज्जा या गावांच्या नावाने ओळखली जाणारी लालजांभळी रादिक्किओही चिकोरीच.

जनावरांच्या बाबतीत कडूपणा उलट कामाला आला. न्यूझीलंडने १९८५ मध्ये ‘पुना’ नावाचं चाऱ्याचं वाण आणलं. खोल मुळामुळे ते कोरड्या उन्हाळ्यातही हिरवं राहतं. पुढे डेन्मार्कमध्ये वासरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की चिकोरीवर चरणाऱ्यांच्या जठरातले एका जातीचे जंत बरेच कमी झाले, आतड्यातल्या दुसऱ्या जातीवर मात्र परिणाम झाला नाही. जंतनाशकांना जंत दाद देईनासे झालेत, म्हणून असा अर्धा उपायही मोलाचा आहे. अफगाणिस्तानात हिवतापावर चिकोरीचं मूळ वापरतात, या माहितीवरून सुरू झालेल्या अभ्यासात लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन यांनी प्रयोगशाळेतल्या काचपात्रात हिवतापाच्या परजीवीची वाढ रोखली. तो निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण काचपात्रातून रुग्णापर्यंतचं अंतर फार मोठं असतं.

हेच अंतर यकृताच्या बाबतीत आपण विसरतो. कासनी यकृतावर गुणकारी, कावीळ उतरवते, ही समजूत जुनी आहे आणि तिला काही आधारही आहे. कराचीतल्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कासनीच्या बियांचा अर्क आधी दिलेल्या प्राण्यांच्या यकृताला पॅरासिटामॉलच्या घातक मात्रेने कमी इजा झाली. ‘आधी दिलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रुग्ण आपल्याकडे येतो तो इजा झाल्यावर. दारूमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांवर, कासनी हा एक घटक असलेल्या एका संयुक्त वनौषधी गोळीची श्रीलंकेत सहा महिने चाचणी झाली. २००३ मध्ये आलेला निष्कर्ष असा की नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांना वेगळा फायदा दिसला नाही. युरोपच्या औषध संस्थेने चिकोरीच्या मुळाला मान्यता दिली आहे ती पोट जड वाटणं, मंद पचन आणि तात्पुरती भूक मंदावणं एवढ्यापुरती, तीही ‘पारंपरिक वापर’ या वर्गात. म्हणजे वापर जुना आणि बहुधा निर्धोक. गुण चाचणीने सिद्ध झालाय असं नाही.

मग गावोगावी काविळीचं झाडपाल्याचं औषध लागू पडतं ते कसं? आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई विषाणूंमुळे होते, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात जे दिलं त्याला श्रेय मिळतं. धोका उरलेल्यांना असतो. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली असेल तर काढ्यात घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. डोळे पिवळे दिसले की आधी रक्ततपासणी, यात तडजोड नको. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही चिकोरीचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

साठा आणि चीक वेगळे करण्याचं काम सध्या थेट जनुकांपर्यंत पोचलं आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगन इथल्या संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली ‘चिक’ नावाचा युरोपीय प्रकल्प सुरू झाला. त्यात जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने कडू रेणू बनवण्याच्या साखळीतलं पहिलंच पाऊल बंद केलं, तेव्हा झाडातून हे लॅक्टोन नाहीसे झाले. असं मूळ इन्युलिनसाठी सोयीचं, कारण कडूपणा काढून टाकण्याचा खर्च वाचतो. दुसऱ्या प्रयोगात साखळी मध्येच अडवली आणि मुळात कॉस्टुनोलाइड साठू लागलं, म्हणजे औषधी रेणू हवे असणाऱ्यांसाठी वेगळं झाड. थंडीत माळ तोडणाऱ्या एन्झाइमाची जनुकं बंद करण्याचाही त्यांचा प्रयत्न होता. प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, २५ जुलै २०१८ ला, युरोपीय न्यायालयाने अशा जनुक-संपादित वनस्पतींना जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित, पिकांचेच नियम लागू होतात असा निकाल दिला.

चिकोरीचं फूल स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही, त्यामुळे एकसारखं वाण तयार करणं आधीच कठीण. फ्रान्समधल्या लील इथल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात चिकोरीच्या आणि सूर्यफुलाच्या पेशी एकमेकींत मिसळून पराग न बनवणारी चिकोरी घडवली होती, ती संकरित बियाण्यासाठी. इतकी मेहनत एका मुळावर.

भारतातली चिकोरी मुख्यतः कॉफीच्या भट्टीकडे जाते. मूळ काढायचं, धुवायचं, तुकडे करायचे, उन्हात वाळवायचे आणि भाजायचे. भाजायचंच असल्यामुळे माळ लांब आहे की आखूड याने फारसा फरक पडत नाही. इन्युलिन काढायचं असेल तर तो पडतो. युरोपात काढणीच्या वेळी थंडी वाढत असते, आपल्याकडे ऊन. बेल्जियमच्या ऑक्टोबरचे आकडे जामनगरच्या मार्चला लावून चालणार नाही. कोणत्या आठवड्यात माळ सर्वांत लांब असते, उन्हात वाळवताना ती किती तुटते, कोणत्या वाणात चीक कमी उतरतो, हे आपल्याच मातीत, आपल्याच हवेत हंगामामागून हंगाम मोजावं लागेल.